ऑटोनॉमस ड्रोन बनवताय? मिशन राहू द्या, आधी फेलसेफ लावा

आर्डूपायलट (ड्रोन आपोआप उडवणारं फ्री सॉफ्टवेअर) टाकून ड्रोन वेपॉइंटवर, म्हणजे नकाशावर आधी ठरवलेल्या ठिकाणांवर, फिरवणं (हेच मिशन) आता अवघड राहिलं नाहीये, कॉलेजची पोरंपण व्हिडिओ बघून करतात. खरी डोकेफोड वर गेल्यावर काही बिघडलं तर ड्रोनने आपोआप काय करायचं, म्हणजे फेलसेफ, ही आहे, आणि ते तुम्हालाच आधी ठरवून ठेवायला लागतं.

सुरुवात रिमोटपासून करा. इथे बरेच जण फसतात, कारण सिग्नल गेला की ड्रोनवरचे काही रिसीव्हर शेवटच्याच व्हॅल्यू पाठवत बसतात आणि फ्लाइट कंट्रोलरला (ड्रोनचा मेंदू) वाटतं सगळं मस्त चाललंय. म्हणून रिसीव्हरमध्ये ‘नो पल्स’ (सिग्नल गेला की काहीच पाठवू नको) सेट करा, प्रॉप म्हणजे पंखे काढा, रिमोट सरळ बंद करा आणि स्क्रीनवर फेलसेफचा मेसेज येतोय का बघा. मग आरटीएल (रिटर्न टू लाँच), म्हणजे घरी, जिथून उडाला तिथे परत ये. त्याची डिफॉल्ट उंची १५ मीटर असते, आपल्याकडचे नारळ नि हाय टेन्शनच्या तारा त्याच्याही वर जातात, त्यामुळे जागा बघून वाढवाच.

जीपीएस गेला तर आरटीएलचा उपयोग शून्य, स्वतः कुठे आहे हेच माहीत नाही तर घरी जाणार कसं! म्हणून ईकेएफ (सेन्सरवरून ड्रोनची जागा ठरवणारं गणित) बिघडलं की लागणाऱ्या फेलसेफला डिफॉल्ट लँड असतं, म्हणजे आहे तिथेच खाली उतर. मग मिशन तळ्यावरून किंवा रस्त्यावरून काढूच नका ना.

बॅटरी. ४ सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) फुल १६.८ व्होल्ट, मी फेलसेफची लो पातळी १४ ला आणि क्रिटिकल १३.२ ला ठेवतो. थ्रॉटल मारला की व्होल्टेज क्षणभर पडतंच, म्हणून डिफॉल्ट सेटिंगला १० सेकंद सलग खाली राहिलं तरच फेलसेफ लागतो, तो टाइम कमी करायच्या भानगडीत पडू नका.

आता रिडंडन्सी (एक बिघडलं तर दुसरं तयार), जी लोकांना दोन-दोन पार्ट लावले की झाली असं वाटतं. दोन्ही कंपास एकाच पॉवर वायरला खेटून बसवलेत तर दोन्ही एकदमच चुकणार! १९९६ ला एरियान ५ रॉकेट असंच गेलं, दिशा आणि वेग मोजणाऱ्या दोन इनर्शियल सिस्टिम होत्या पण सॉफ्टवेअर एकच, ६४ बिटचा आकडा १६ बिटात मावला नाही आणि बॅकअपसकट दोन्ही बंद. तुम्ही निदान एक कंपास मास्टवर (छोट्या खांबावर) तारांपासून लांब वर न्या.

हे सगळं आधी एसआयटीएल सिम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवरच आर्डूपायलट उडवून बघायची सोय) मुद्दाम बिघडवून बघा, एकेक जमलं की दोन एकत्र, उदाहरणार्थ लो बॅटरीवर घरी येताना मध्येच जीपीएस बंद. खऱ्या फ्लाइटला मोकळं मैदान घ्या, अंगठा मोड स्विचवर, आणि त्यावर स्टॅबिलाइझ (हातानेच उडवायचा) किंवा अल्टहोल्ड (उंची आपोआप धरणारा) मोड असू दे, एकाच जागी थांबवणाऱ्या लॉयटर मोडला जीपीएस लागतो.