कोपऱ्याचे दोन तुकडे: मोठा कुठला?

माझी उभी हयात सिंधुदुर्गात जमिनी मोजण्यात गेली. आमच्याकडे व्हाळ म्हणजे ओढा वाकडा, पाणंद वाकडी. त्यामुळे वाटणीला बसलं की कोपऱ्यात त्रिकोणी तुकडे उरतात आणि भांडण नेमकं त्यांच्यावरूनच. 'काकानू, माझो कोपरो लांब आसा, म्हणजे मोठोच ना?' हे मला देवगडपासून दोडामार्गापर्यंत विचारलं गेलंय. लांबीवरून काही ठरत नाही बाबांनो.

तुकडा काटकोनी असेल तर काम सोपं. काटकोन करणाऱ्या दोन बाजू मोजा आणि गुणाकार करा. नुसतं लहान-मोठं ठरवायचं असेल तर दोनाने भागायचीही गरज नाही, अर्धं दोन्हीकडे होणारच. कर्णाला हात लावू नका.

समजा एका तुकड्याच्या बाजू 7, 24 आणि 25 फूट आहेत, दुसऱ्याच्या 12, 16 आणि 20. पहिल्याभोवती 56 फूट गडगा, म्हणजे चिऱ्यांचं कुंपण, लागेल, दुसऱ्याला 48. गुणाकार मात्र 168 आणि 192. म्हणजे क्षेत्र 84 आणि 96 चौरस फूट. ज्याला चिरे जास्त लागले त्याच्याच पदरात जमीन कमी! आता 15, 20, 25 चा तुकडा घ्या. कर्ण पहिल्याइतकाच, 25, पण क्षेत्र 150. कर्ण व्यास धरून अर्धवर्तुळ काढलंत की काटकोनाचा कोपरा त्या कमानीवरच कुठेतरी असतो. तो मधोमध आला की उंची सगळ्यात जास्त, साडेबारा फूट, आणि क्षेत्र 156.25. त्याच्या पुढे 25 च्या कर्णावर काटकोन त्रिकोण जात नाही.

पण आधी कोपरा खरंच काटकोनात आहे का ते बघा. एका बाजूवर 9 फुटांवर खूण, दुसरीवर 12 फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर 15 आलं पाहिजे. जास्त आलं तर कोन फाकलाय, कमी आलं तर मिटलाय. काथ्याची दोरी घेऊ नका, ती ताणते. काटकोन नसेल तर सगळ्यात लांब बाजूवर समोरच्या कोपऱ्यातून लंब टाका, दोन काटकोन त्रिकोण मिळतात. जुन्या टिपणात, म्हणजे मोजणीच्या कच्च्या आराखड्यात, हेच केलेलं दिसेल: मधून एक रेषा, तिच्यावर दोन्ही बाजूंनी लंब, आणि क्षेत्राचा हिशेब गुणाकार बुक नावाच्या वहीत. मापं शंकू साखळीची, म्हणजे जुन्या मोजणीच्या साखळीची: एक साखळी 33 फुटांची, तिचे भाग 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. म्हणून पाया दोन साखळ्या आणि उंची एक साखळी असलेला काटकोन त्रिकोण बरोबर एक गुंठ्याचा.

कोकणात खरी गोम उताराची. टेप जमिनीला चिकटवून मोजलीत तर माप फुगतं. 30 अंशांच्या उतारावर 20 फूट मोजलेत तर नकाशावर ते जेमतेम 17.3 फूट भरतात. एक तुकडा कातळावर सपाट आणि दुसरा उतारावर असेल तर तुलनेला अर्थच उरत नाही. टेप आडवी, पाणसळीत धरा, वरचं टोक जमिनीला, खालचं टोक हवेत, आणि तिथून ओळंबा सोडून खुंटी ठोका. मग त्या खुंटीपासून पुढे. पाच-सहा फुटांच्या टप्प्यांनी उतरा, एकदम पन्नास फूट ताणलीत तर मधे झोळ पडतो.

दहावीच्या पोरांसाठी: उंची सारखी असेल तर क्षेत्रफळं पायांच्या प्रमाणात, पाया सारखा असेल तर उंचींच्या. समरूप असतील तर बाजूंच्या वर्गांच्या. बाजू दुप्पट, क्षेत्र चौपट. हे घोकण्यापेक्षा वाटणीत वापरा. 15-20-25 चा तुकडा दोन भावांना हवाय. लोक काटकोनाच्या कोपऱ्यातून कर्णावर सरळ लंब टाकतात आणि निम्मं-निम्मं झालं म्हणतात. लंब 12 फुटांचा येतो, कर्णाचे भाग 9 आणि 16. क्षेत्र 54 आणि 96. धाकटा ओरडणारच. उंची दोघांची तीच, 12 फूट, तेव्हा पाया सारखा करा: खुंटी 9 फुटांवरून साडेतीन फूट सरकवून कर्णाच्या मध्यावर न्या आणि कोपऱ्यातून तिथपर्यंत बांध घाला. दोघांना 75-75.