अपडेटनंतर कॉम्प्युटर विचित्र वागतोय? हात लावण्याआधी हे करा

प्रिंटरचं बटण दाबलं, अजून काही छापायलाही सांगितलं नाही, आणि त्यानं आपणहून एक कागद बाहेर टाकला. कागदावर वरच्या बाजूला दोनतीन ओळी इंग्रजी: पोस्ट, आयपीपी, प्रिंट, एचटीटीपी असलं काहीतरी. बाकी कागद कोरा. पाहणारा पहिल्यांदा काय म्हणेल? व्हायरस शिरला. खरं तर ही जानेवारी २०२५ च्या अखेरीस आलेल्या एका विंडोज अपडेटमधली चूक होती आणि मायक्रोसॉफ्टनं ती मान्यही केली. यूएसबीनं जोडलेल्या काही प्रिंटरांना कॉम्प्युटर दोन पद्धतींनी निरोप पाठवू शकतो. त्यातल्या एका पद्धतीचा आतला निरोप प्रिंटरनं मजकूर समजून सरळ छापायला घेतला. मार्च २०२५ मध्ये दुरुस्ती आली आणि प्रकार थांबला. तोवर किती जणांनी अँटिव्हायरस विकत घेतला असेल, देव जाणे.

असल्या विचित्र गोष्टी दर काही महिन्यांनी होतात. बिघाड छोटा असतो, पण घाबरून केलेले उपाय महागात पडतात. म्हणून पुढचा क्रम पाळा.

आधी तारीख जुळवा

विंडोजची नियमित सुरक्षा अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. २००३ पासून ही पद्धत आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहा वाजतात तेव्हा ती सोडतात, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री साडेदहा किंवा हिवाळ्यात साडेअकरा. म्हणून आपल्या दुकानातला किंवा कचेरीतला कॉम्प्युटर ती घेतो बुधवारी किंवा त्यानंतर.

सेटिंग्ज उघडा, विंडोज अपडेटमध्ये जा, तिथं अपडेट हिस्टरी असते. कोणतं अपडेट कोणत्या दिवशी बसलं ते तारखेसकट दिसेल. त्रास अपडेटच्या आधीच सुरू झाला असेल, तर अपडेटला दोष देऊन उपयोग नाही. नंतर सुरू झाला असला तरी लगेच निष्कर्ष नको. डिचोलीच्या एका ओळखीच्या घरी ‘अपडेट आलं आणि इंटरनेट गेलं’ अशी तक्रार होती. तारखा अगदी जुळत होत्या. पण मोबाइलसुद्धा त्या वायफायवर चालत नव्हता, आणि मोबाइलला विंडोजशी काय देणंघेणं? राउटरची पिन काढून पाहिली, तर आषाढातल्या दमटपणानं तिच्यावर हिरवट थर चढलेला. पुसून लावली, इंटरनेट सुरू. गोव्याच्या पावसात हा तपास सगळ्यात आधी: तोच बिघाड दुसऱ्या यंत्रावरही आहे का?

नंबर उतरवून घ्या, फक्त एरर नको

अपडेट हिस्टरीत विंडोजच्या नियमित अपडेटच्या नावात ‘केबी’ आणि त्यापुढं सात आकडे असतात. ते कागदावर लिहा किंवा मोबाइलवर फोटो काढा. पडद्यावर एरर आला असेल तर त्याचाही फोटो काढा. बरेच लोक इथं चुकतात. ते फक्त एररचा आकडा गूगलवर टाकतात आणि पहिला व्हिडिओ सांगेल ते करत सुटतात.

एक उदाहरण पाहा. ‘शून्य एक्स ८००७०६४३’ हा एरर जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० च्या असंख्य कॉम्प्युटरांवर आला. तिथं कारण खरं होतं: डिस्कवरच्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळ्या ठेवलेल्या तुकड्यात, अपडेटला हवी तेवढी, म्हणजे २५० एमबी, मोकळी जागा नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये हाच आकडा दुसऱ्या एका अपडेटनंतर परत दिसला, आणि त्या वेळी अपडेट व्यवस्थित बसलेलं होतं, फक्त संदेश खोटा होता. आकडा एक, कारणं दोन. एप्रिलच्या खोट्या एररसाठी जानेवारीचा उपाय करणारा माणूस उगाच डिस्कचे तुकडे लहानमोठे करत बसला असणार. पार्टिशन बदलणं हे घरच्या माणसाचं काम नव्हे, व्हिडिओत ते कितीही सोपं दिसो.

म्हणून शोधताना केबी नंबर टाका आणि मायक्रोसॉफ्टचंच पान उघडा. त्या पानावर खाली ‘नोन इश्यूज’, म्हणजे माहीत असलेले बिघाड, असा भाग असतो. शिवाय ‘विंडोज रिलीज हेल्थ’ या नावाखाली चालू आणि सुटलेल्या सगळ्या तक्रारी तारखेनुसार लावलेल्या असतात. भाषा इंग्रजी आहे, पण ब्राउझरमधून मराठीत वाचता येते. भाषांतर ओबडधोबड असलं तरी मतलब कळतो. शोधात वर दिसणारे ‘सपोर्ट’चे फोन नंबर मात्र लावू नका. मायक्रोसॉफ्ट आपणहून कुणाला फोन करत नाही, आणि त्यांच्या खऱ्या एरर संदेशात फोन नंबर कधीच नसतो.

अनोळखी दिसलं म्हणून पुसू नका

एप्रिल २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज ११ वाल्यांना सी ड्राइव्हवर ‘आयनेटपब’ नावाचं एक फोल्डर दिसायला लागलं. आत काहीच नाही, शून्य बाइट. हे नाव मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरचं, आणि तो सर्व्हर ज्यांनी कधी चालवला नाही त्यांच्याकडेही फोल्डर हजर. साफसफाईची हौस असलेल्यांनी ते लगेच उडवलं. नंतर मायक्रोसॉफ्टनं खुलासा केला: फोल्डर मुद्दाम बनवलंय, एका सुरक्षा दुरुस्तीचा तो भाग आहे, पुसू नका. त्यांनी हे आधी का सांगितलं नाही, हा प्रश्न रास्त आहे. ज्यांनी पुसलं त्यांना कंट्रोल पॅनेलमधून विंडोज फीचर्समध्ये जाऊन आयआयएस, म्हणजे तोच वेब सर्व्हर, चालू करायला सांगितलं, म्हणजे फोल्डर योग्य परवानग्यांसह परत तयार होतं. नुसतं त्याच नावाचं नवं फोल्डर हातानं बनवून तेच काम होत नाही.

याउलट मार्च २०२५ मध्ये एका अपडेटनं काही कॉम्प्युटरांवरून कोपायलट हे मायक्रोसॉफ्टचं एआय मदतनीस ॲप चुकून काढून टाकलं होतं. काही जणांना तो बिघाड वाटलाच नाही म्हणे.

शट डाउन नव्हे, रीस्टार्ट

हे दोन्ही एकच, असं बहुतेकांना वाटतं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टमचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणजे कालचा गोंधळही परत येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. त्यामुळं अपडेटनंतर काही खटकलं तर आधी रीस्टार्ट करा.

मग एक दिवस थांबा. मायक्रोसॉफ्टकडं ‘नोन इश्यू रोलबॅक’ नावाची सोय आहे. अपडेटमधला बिघडलेला बदल ते दूरवरून बंद करतात, बाकी अपडेट तसंच राहतं. ही सोय सुरक्षेशी संबंध नसलेल्या बदलांसाठीच वापरली जाते, म्हणून सुरक्षा दुरुस्ती शाबूत राहते. घरच्या कॉम्प्युटरपर्यंत हे पोचायला साधारण २४ तास लागू शकतात, आणि रीस्टार्ट केल्यास लवकर लागू होतं.

काम अडलंच असेल तर काढा, पण एकच

बिल छापलं जात नाही, टॅली उघडत नाही, गिऱ्हाईक समोर उभं आहे, अशा वेळी वाट पाहणं शक्य नसतं. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, आणि खाली ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. ज्याचा नंबर तुम्ही लिहून घेतलाय तेवढंच काढा. त्याआधी कामाच्या फायलींची पेन ड्राइव्हवर एक प्रत घ्या. काढून झाल्यावर लगेच ‘पॉज अपडेट्स’मध्ये एक आठवडा निवडा, नाहीतर विंडोज रात्री तेच अपडेट परत बसवील.

अपडेट काढलं की त्यातल्या सुरक्षा दुरुस्त्याही जातात. त्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होत असतील तर तेवढे दिवस ते दुसरीकडे करा. विंडोज ११ मध्ये एका वेळी जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवता येतं, पण मी तरी दोनच्या पुढं जाऊ नका असं म्हणेन. अपडेट्स कायमची बंद करून देणारी फुकट सॉफ्टवेअरं फिरत असतात, ती तर नकोतच.

निळा पडदा आला, कॉम्प्युटर सुरूच होईना

अपडेटनंतर कधी कधी निळ्या पडद्यावर ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागितली जाते. जुलै २०२४ मध्ये आणि मे २०२५ मध्ये अनेकांना हा अनुभव आला. बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, आणि ही त्याची ४८ आकडी किल्ली. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खातं टाकलं की डिस्क बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात साठते. खातं पोरानं उघडलं, पासवर्ड त्याला ठाऊक, आणि पोरगा नोकरीसाठी आखातात: अशी घरं गोव्यात कमी नाहीत. आजच त्याला व्हॉट्सॲप करा, खात्यातून किल्ली काढून घ्या, कागदावर लिहून कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.

विंडोजच सुरू होत नसेल तर ती सुरू होत असताना पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ तीनदा केल्यावर दुरुस्तीचा पडदा येतो. तिथं ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स या वाटेनं शेवटचं क्वालिटी अपडेट, म्हणजे दरमहाचं नेहमीचं अपडेट, काढता येतं. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनं मात्र विंडोज ११ मध्ये याच पडद्यावर यूएसबी माउस आणि कीबोर्ड बंद पाडले होते. दार उघडं, पण आत शिरायला हातच नाहीत! सहा दिवसांत, २० ऑक्टोबरला, तातडीचं अपडेट काढावं लागलं.

आपलं वेळापत्रक लावा

दुसरा मंगळवार महिन्याच्या ८ ते १४ तारखेत कधीही पडतो. दरमहा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरणाऱ्यांची मुदत ११ तारखेला. म्हणजे काही महिन्यांत अपडेट नेमकं रिटर्न भरायच्या तोंडावर येऊन ठेपतं. कॅलेंडर पाहा, आणि तसं दिसलं तर ७ तारखेलाच एक आठवडा पॉज करा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात धंदा असणाऱ्यांनी गुरुवारी रात्री अपडेट घेऊच नये. शनिवारी रात्री घ्यावं, रविवार हाताशी राहतो. चवथीच्या आधीच्या गर्दीत तर विषयच नको.

ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ भरा, म्हणजे कामाच्या वेळेत कॉम्प्युटर आपणहून रीस्टार्ट होणार नाही. ‘गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल’ हे बटण चालू असेल तर बंद करा. महिनाअखेरची ऐच्छिक, चाचणीवजा अपडेट्स त्यामुळं लवकर येतात, आणि सुरुवातीला सांगितलेला प्रिंटरचा घोळ आला तो अशाच एका अपडेटमधून.

पावसात सत्तरी-पेडण्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही. टक्केवारीचा पडदा दिसत असताना लाईट गेली तर जुनी हार्ड डिस्क अर्धवट लिहिलेल्या फायली घेऊन बसते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर आभाळ गडगडत असताना ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ दाबू नका. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून घ्या. टक्केवारी एकाच आकड्यावर अडकली तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर काम चालू आहे, बटण दाबायची घाई करू नका.

अजून विंडोज १० वर असाल तर तुमची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपली. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेट्ससाठी नाव नोंदवायची सोय दिसते, मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज सिंक केल्या तर ती फुकट मिळते आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. कॉम्प्युटर विंडोज ११ घेतो की नाही, तेही तेवढ्या वेळात तपासून घ्या.