पावसाळ्यात मॉडेल गाडीला रंग देताना
मुंबईत पाऊस कोसळत असताना मॉडेलवर लॅकर (थिनरमध्ये विरघळवलेला, झटपट वाळणारा रंग) स्प्रे मारू नका. थिनर, म्हणजे रंग पातळ करणारा द्रव, उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि काळा रंग दुधाळ दिसायला लागतो. माझ्या १:२४ मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या) काळी-पिवळी टॅक्सीचं बॉनेट असंच राखाडी पडलं होतं. उघडीप मिळाल्यावर त्याच रंगाचा अगदी पातळ हात दिला, तेव्हा कुठे काळेपणा परत आला.

टॅक्सी करत असाल तर आधी टपाचा पिवळा, तोही पांढऱ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर). काळ्यावर पिवळा नीट चढतच नाही. नाक जवळ नेऊन बघा, रंगाचा वास येतोय तोवर पिवळा भाग झाकायला मास्किंग टेप लावायची नाही. टेपची कड टूथपिकने दाबून बसवा, मगच काळा मारा.