रशियन येत नसताना रशियन कविता मराठीत कशी आणायची

गोव्यातल्या मोरजीत राहणाऱ्याला थोडं रशियन आपोआपच येतं, किनाऱ्यावरच्या मेनूबोर्डावर रशियन अक्षरं असतात आणि चहाला रशियन लोक पण चायच म्हणतात. पण कविता? तर त्यासाठी आधी झुकोव्हस्कीला गुरू करा.

वासिली झुकोव्हस्की, जन्म 1783, बाप जमीनदार आणि आई युद्धात पकडून आणलेली तुर्की बाई. पुश्किनच्या आधीच्या पिढीतला मोठा कवी, राजपुत्राचा मास्तर पण होता. आपल्याला त्याचं वेगळंच काम महत्त्वाचं. ग्रीक येत नसताना त्याने होमरचं ओडिसी रशियनमध्ये आणलं, 1849 मध्ये पूर्ण झालं. आणि आपली नल-दमयंती, जी आम्ही देवळातल्या कीर्तनात ऐकत मोठे झालो, ती पण त्याने रशियात नेली, तीही संस्कृतवरून नाही तर रुकर्ट नावाच्या जर्मन कवीच्या जर्मनवरून! म्हणजे भाषा येत नाही हे कारण सांगायला आपल्याला तोंड नाही.

त्याची रीत अशी. एका जर्मन प्रोफेसरकडून त्याने ओडिसीच्या प्रत्येक ग्रीक शब्दाखाली जर्मन शब्द लिहून घेतला. अशा शब्दाखाली शब्द मांडलेल्या कच्च्या मजकुराला रशियन लोक पदस्त्रोच्निक म्हणतात, म्हणजे ओळीखालचं. आपणही तेच करायचं, वहीत एक ओळ सोडून एक ओळ लिहायची.

कविता छोटी घ्या. मी त्याचीच चार ओळींची घेतली, 1821 ची, गेलेल्या सोबत्यांवरची. सीझनला दरवर्षी येणारी एक रशियन बाई शेजारी भाड्याने राहते, तिला मी म्हटलं ताई, अर्थ नको सांगू, एकेक शब्द सांग. हे महत्त्वाचं हां, कारण अर्थ विचारला की लोक गोष्ट सांगत बसतात.

पहिल्याच ओळीत स्पुत्निक आला. आपल्याला उपग्रह माहीत आणि कोविडची लस माहीत, पण शब्दाचा अर्थ सोबत वाट चालणारा. त्यातला पूत म्हणजे वाट, आपल्या पथाचा सख्खा चुलतभाऊ. पुढे स्व्येत, त्याचा अर्थ जगही आणि उजेडही, इथे मी दोन दिवस अडकलो. शेवटी जग घेतलं. उजेड सुटला त्याचं वाईट वाटतं अजून.

खरी मजा शेवटच्या दोन ओळींत. "न्ये गवारी स तस्कोय: इख न्येत, नो स ब्लगदार्नस्तियू: बीली." खाली शब्द लिहिले ते असे: नको, बोलू, सह, हुरहुरीने, ते, नाहीत, पण, सह, कृतज्ञतेने, होते. सगळी कविता त्या बीलीवर, म्हणजे होते वर, येऊन थांबते.

आता कच्चा मजकूर बाजूला ठेवा, एक दिवस बघूच नका. झुकोव्हस्कीने 1809 मध्येच लिहून ठेवलंय की गद्याचा अनुवादक गुलाम असतो आणि पद्याचा प्रतिस्पर्धी. माझं पहिलं ड्राफ्ट गुलामाचंच होतं, "कृतज्ञतेने बोल" वगैरे, सत्कार समारंभात शाल देतात तसं. मग हे झालं:

ज्या सोबत्यांनी आमचं जग
सोबतीनेच जागं केलं,
"नाहीत" म्हणू नको उसासून,
उपकार मानून म्हण, "होते".

यमक सुटलं, मूळ कवितेत ते आहे. ओढूनताणून बसवलं असतं तर "होते" हा शब्द शेवटून हलवावा लागला असता, ते मला नको होतं. तुम्ही उलटं करा हवं तर, पण एकच गोष्ट धरा आणि बाकीची सोडायची तयारी ठेवा.

मग मोठ्याने वाचा, अनुवाद आहे हे न सांगता. मी आईला वाचून दाखवलं, ती मासे साफ करत होती, म्हणाली कोणाच्या बाराव्याला छापायचंय काय रे? मी ते पास धरलं.

आणि हे सगळं एप्रिलच्या आत उरका. मेमध्ये शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं, उतरतात, ताई परत जाते, मग एकेका शब्दासाठी व्हॉट्सॲपवर थांबत बसावं लागतं.