गळणारी खिडकी: आधी पाण्याची वाट शोधा

तोरणमाळला यशवंत तलावाजवळ आमची झोपायची सोय केलेली गाडी उभी होती. आषाढातली रात्र. पहाटे तीनच्या सुमारास उशी ओली लागली म्हणून मला जाग आली. खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी थेंब थेंब गादीवर उतरत होतं. सकाळी घाट उतरून शहाद्याला आलो, फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी घेतली आणि ह्यांनी त्याच कोपऱ्यावर बाहेरून जाड थर दिला. पुढच्या पावसात गळती दुप्पट झाली.

ती का वाढली हे कळायला मला महिना लागला. तुमचा महिना वाया जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमची गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर व्हॅन. बाजूच्या मूळच्या सरकत्या काचा तशाच ठेवल्या आणि झोपायच्या जागेशी पत्रा कापून अॅल्युमिनियमच्या चौकटीची अॅक्रिलिक (काचेसारख्या प्लास्टिकची) खिडकी बसवून घेतली. या दोन्ही खिडक्या वेगवेगळ्या कारणांनी गळतात.

माझं आजोळ बेटावदचं, धाब्याचं म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की धाब्यावर खारी माती पसरायची. तरी एखाद्या वर्षी गळायचंच. आजी ठिपका पडायचा त्या जागेकडे बघायचीही नाही. पाणी कुठून कुठे गेलं आहे, माती कुठे भेगाळली आहे, हे वर चढून पाहायची. ठिपका चुलीपाशी आणि भेग देवघरावर, असं असायचं. अमळनेरला पत्र्याचं काम करणारे मिस्तरी गाडी बघून तेच म्हणाले, “बाई, पानी खाले दिसस, पन घुसस वरथीन.”

तर पहिलं काम म्हणजे खिडकीभोवतीची आतली प्लायवूडची पट्टी काढा. पट्टीमागे ओलं थर्माकोल किंवा कापूस असेल तर तोही काढा आणि गाडी दोन दिवस उन्हात दारं उघडी ठेवून वाळू द्या. ओल्या जागेवर तपासणी करून काही कळत नाही. गळती आहे की नुसता घाम, हेही याच वेळी बघा. पाऊस नसताना, रात्री स्वयंपाक करून काचा बंद ठेवल्या आणि सकाळी काचेच्या आतल्या पूर्ण अंगावर पाणी दिसलं, तर ती गळती नाही. वरचा झरोका बोटभर उघडा ठेवला की भागतं.

पट्टी निघाली की उघड्या पत्र्यावर आणि चौकटीच्या कडेला अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरा. पाण्याचा ओघळ जिथून येईल तिथून पावडरीवर रेघ उमटते, ती पुसली जात नाही. मग एकाने बाहेर साधा पाइप धरायचा, एकाने आत बॅटरी घेऊन बसायचं. पाण्याला जोर नको. गाड्या धुण्याच्या मशीनने चांगली खिडकीही गळेल. सुरुवात खालून करा: खालची कड पाच-सात मिनिटं, मग बाजू, मग वरची कड, आणि सगळ्यात शेवटी छताची पन्हळ आणि कॅरिअरचे बोल्ट. वरून सुरू केलंत तर सगळं एकदम भिजेल आणि काहीच कळणार नाही. घाई करू नका, पाण्याला आतल्या आत फिरून यायला वेळ लागतो.

आमच्याकडे खालची कड कोरडी राहिली. बाजूही कोरडी. वरच्या कडेला उजवीकडे पाणी धरलं आणि चार मिनिटांनी रेघ उमटली. ती चौकटीच्या आतून फिरून डाव्या कोपऱ्यात उतरली, कारण गाडी तशी कललेली होती. पत्रा आणि अॅक्रिलिक उन्हात वेगवेगळे फुगतात, रात्री आकसतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, तिथे कडक झालेला जुना थर पत्रा सोडतो. आणि आम्ही शहाद्यात केलेली चूक अशी, की वरून आलेलं पाणी खालच्या फटीतून बाहेर पडत होतं, ती वाटच बुजवली. पाणी चौकटीत साचलं आणि आतल्या कडेवरून गादीवर आलं.

सरकत्या काचांचं तर कामच असं की काच सरकते त्या चॅनेलमध्ये थोडं पाणी येणार. ते बाहेर काढायला खालच्या पट्टीत बारीक भोकं असतात. उन्हाळ्यातली धूळ आणि जिनिंगच्या कारखान्याजवळून गेलात तर कपाशीचे तंतू, यांचा तिथे चिखल होऊन बसतो. खराट्याची काडी आणि जुना टूथब्रश घेऊन ती मोकळी करा, वाटीभर पाणी ओतून बाहेर पडतंय ना बघा. बऱ्याच सरकत्या खिडक्या एवढ्यावर बऱ्या होतात. त्या भोकांवर सीलंट कधीही लावू नका. काचेच्या कडेचं बीडिंग रबर कडक होऊन भेगाळलं असेल तर ते बदलावंच लागतं. नुसतं कोरडं असेल तर ग्लिसरीन चोळा. रॉकेल, पेट्रोल नको, रबर फुगून खराब होतं.

आता चौकटीच्या खिडकीकडे येऊ. ती पूर्ण काढल्याशिवाय पर्याय नाही, वरून थर चढवून ती सुधारत नाही. दोन माणसं हवीतच. आतल्या कड्याचे स्क्रू काढा, बाहेरच्याने चौकट धरून ठेवावी. जुना थर सोडवायला मासे धरायची नायलॉनची दोरी करवतीसारखी फिरवा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर चौकट वाकते, आणि वाकलेली चौकट परत नीट बसत नाही.

यापुढची सफाई हेच खरं काम, आम्हाला त्यालाच अख्खी सकाळ लागली. सिलिकॉनचा पातळसा अंशही राहिला तर त्यावर नवीन काही चिकटत नाही. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, मग पत्रा आणि चौकट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. थिनर अॅक्रिलिकला लावू नका, त्यावर बारीक तडे येतात. कापलेल्या पत्र्याच्या धारेवर गंज दिसला तर घासून चकचकीत पत्रा काढा, प्राइमर, रंग, आणि एक पूर्ण दिवस वाळवण. आमच्या धारेवर पहिल्यांदा रंगच मारलेला नव्हता. आंबट वासाचं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंजवतं, तेही तिथे दिसलं.

बसवताना मी ब्यूटाइल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) वापरते. ती लवकर कडक होत नाही, पत्र्याबरोबर हलते, आणि पुढे खिडकी काढावी लागली तर निघते. चौकटीच्या आतल्या कडेला चारही बाजूंनी लावा, कोपऱ्यावर ताणू नका. सांधा खाली घ्या, वरची कड एकसंध हवी. पत्र्याला नाळी असतील तर त्या खळग्यात आधी टेपचे तुकडे दाबून भरा. आमच्या हवेत ही टेप उन्हाळ्यात गुळाच्या पाकासारखी होते, म्हणून काम सकाळी सातला कडुलिंबाच्या सावलीत सुरू करा. टेपची गुंडाळी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्री फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे तिचा कागद नीट सुटतो. ती बाहेर काढून पिशवीवरचा ओलावा पुसूनच उघडा.

स्क्रू एकदम आवळू नका. समोरासमोरचे, तिरक्या क्रमाने, थोडे थोडे. टेप कडेने सारखी बाहेर डोकावली की थांबा. दुसऱ्या दिवशी दुपारी, पत्रा तापलेला असताना, पाव-पाव फेरा पुन्हा द्या. ऊबेने टेप आणखी बसते. बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पट्टीने कापा.

यावर पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ मी वर आणि दोन्ही बाजूंना देते. पत्रा आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्येच. अॅक्रिलिकला ती लागता कामा नये. खालची कड मोकळी. मिस्तरींना आणि ह्यांनाही खालीही रेघ हवी होती, पण तोरणमाळच्या रात्रीनंतर मी ऐकलं नाही. मास्किंग टेप लावून रेघ ओढा, बोटाने सारखी करा आणि टेप लगेच काढा, सीलंट धरल्यावर काढली तर कड फाटते.

दोन दिवसांनी पाइपची तपासणी पुन्हा करा, पावडर टाकून, तशीच खालून वर. आम्ही तरीही आतली पट्टी बसवली नाही. पुढच्या वर्षीच्या मृगाचा पहिला पाऊस येईपर्यंत उघडा पत्रा दिसत राहिला, आल्या-गेल्यांनी विचारलं, तरी तसंच ठेवलं. पहिला पाऊस रात्री आला. गाडी अंगणातच होती. मी बॅटरी घेऊन आत जाऊन बसले, पावडरीवर हात फिरवला. कोरडी होती. चार दिवसांनी, दुसरा जोराचा पाऊस झाल्यावर, आम्ही प्लायवूडची पट्टी लावली.