खंड्याचे पाय आणि आमच्या डब्यातली गोळी

आमचा कुत्रा खंड्या 11 वर्षांचा, 24 किलोचा. गेल्या पावसाळ्यात सकाळी उठताना त्याचे मागचे पाय थरथरायला लागले. आमच्या गुडघ्यांना चालते ती आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची गोळी मी पोळीत घालून त्याला दिली. दिवसाला दोन, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी उलट्या, आणि शी डांबरासारखी काळी. आत रक्तस्राव होत होता. चार दिवस सलाइन लागलं. चूक माझीच होती.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन ही औषधं वेदनेबरोबरच पोटाच्या अस्तराचं संरक्षणही काढून घेतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. कुत्र्याला हे आपल्यापेक्षा फार कमी मात्रेत बाधतं. पॅरासिटामॉलने यकृत बिघडतं, रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी-निळसर दिसतात. मांजराला तर ते द्यायचंच नाही. बाम आणि वेदनाशामक जेलही नको, कारण तो चाटणारच. गोळी चुकून दिली गेलीच, तर लक्षणांची वाट न बघता पाकीट घेऊन लगेच डॉक्टर गाठा. किती दिली, कधी दिली, खरं सांगा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका.

लंगडतोय म्हणजे संधिवातच, असं मी धरून चालले होते. डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. आपल्याकडे गोचीड तापातही सांधे दुखतात, शिवाय प्लेटलेट घटतात. त्यात वेदनाशामक दिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. खंड्याला तो ताप नव्हता. पोट पूर्ण बरं झाल्यावर, यकृत-मूत्रपिंडाचे आकडे बघूनच त्याला मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक, कुत्र्यांसाठीचं, मिळालं: पहिल्या दिवशी किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, नंतर 0.1. म्हणजे रोज 2.4 मिलिग्रॅम. माणसांची गोळी 7.5 किंवा 15 ची असते, यावरून अंदाज करा. ते जेवणानंतरच द्यायचं, स्टिरॉइडबरोबर कधीच नाही, आणि उलटी झाली की बंद करून फोन.

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक फरशीने पडला. आमची शहाबादी फरशी पावसात ओलसर होते आणि घसरू नये म्हणून तो अंग आखडून चालायचा. आता त्याच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत जुन्या सतरंज्या आहेत, खाली रबरी चटई. नखं कापली, पंजांमधले केस कातरले. गोधडी चौपदरी करून लाकडी पाटावर ठेवली.

जुन्या आखडलेपणाला दहा मिनिटं कोमट शेक. पिशवी आधी स्वतःच्या मनगटावर धरून बघायची. ताजी सूज असेल तर शेक नको, रुमालात गुंडाळलेला बर्फ. चाळीस मिनिटांच्या एका फेरीऐवजी दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या. पायऱ्यांवर पोटाखालून टॉवेलचा आधार. संध्याकाळची पोळी बंद केली. हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत.

पाय अजिबात टेकत नसेल, मागचे पाय ओढत असेल, लघवी तुंबली असेल किंवा ताप 103 च्या वर असेल, तर शेक-बिक काही नको, थेट दवाखाना.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहिते: किती वेळात उठला, किती पायऱ्या चढला, कुठला सांधा चाटत होता. तपासणीला जाताना ते पान सोबत नेते. डॉक्टर आधी तेच मागतात.