कादंबरी लिहून झाल्यावरच्या या चुका टाळा

दरवर्षी माझ्याकडे नव्या लेखकांची दहा-बारा हस्तलिखितं वाचायला येतात. सगळी संगणकावर टाइप केलेली असतात, तरी आपण त्यांना हस्तलिखितंच म्हणतो. बहुतेकांना लिहिता येतं. माणसं जिवंत असतात, एखादा प्रसंग तर असा उतरलेला असतो की मला हेवा वाटतो. आणि तरीही ती कादंबरी पुस्तक होईपर्यंत कुठेतरी जखमी होते. ही जखम बहुतेक वेळा ‘समाप्त’ लिहिल्यानंतरच्या घाईत होते, आणि दरवर्षी त्याच ठिकाणी झालेली दिसते.

पहिली घाई खर्डा पाठवण्याची. एका तरुण लेखकाने रविवारी रात्री कादंबरी संपवली आणि बुधवारी ती प्रकाशकाकडे आणि माझ्याकडे एकाच वेळी पाठवली. मी तीस पानं वाचली असतील, तोच निरोप आला: ‘ती वाचू नका, सुधारलेली पाठवतो.’ महिनाभरात असे तीन निरोप आले. चौथा मजकूर खरोखर चांगला होता. प्रकाशकाने मात्र पहिलाच वाचला होता आणि नकार कळवून तो मोकळा झाला होता. एकदा नाकारलेली कादंबरी ‘आता नीट केली आहे’ एवढ्या शब्दावर कुणी पुन्हा वाचायला घेत नाही. त्या मुलाची चार वर्षांची मेहनत तीन दिवसांच्या उतावीळपणाने वाया गेली, आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं.

खर्डा संपला की मी सहा आठवडे तो उघडत नाही. एक ओळसुद्धा नाही, ‘फक्त ते एक वाक्य बदलते’ हेसुद्धा नाही. मग तो छापून घेते, पण लिहिताना वापरला त्यापेक्षा वेगळ्या टाइपात आणि मोठ्या अक्षरात, म्हणजे डोळ्यांना तो परका वाटतो. आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचते. ऐंशी हजार शब्दांना चार-पाच दिवस लागतात, घसा बसतो. पण सलग अकरा वाक्यं ‘होता’, ‘होती’, ‘होते’वर संपली आहेत हे डोळ्यांना कधी दिसत नाही, कानाला लगेच टोचतं. आजोबा आणि नातू एकाच तोंडाने बोलताहेत हेही असंच कळतं. हल्ली काही जण संगणकाकडून वाचून घेतात. मला ते पटत नाही. यंत्र कुठेच अडखळत नाही, आणि माझी जीभ कुठे अडखळते हेच तर मला शोधायचं असतं.

पहिलं प्रकरण चाळीसदा घासून दुसरं न लिहिणारे लोक वेगळेच; त्यांना माझा सल्ला एवढाच की पुढे जा, पहिलं प्रकरण बहुधा शेवटी पुन्हा लिहावंच लागतं.

पात्राचं नाव एका फटक्यात बदलणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगते. माझ्या दुसऱ्या कादंबरीत रमा आणि रमेश अशी दोन मुख्य पात्रं होती. खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं, ‘दोघांत माझा गोंधळ होतो.’ तिचं बरोबर होतं. वाचक नाव पूर्ण वाचत नाही, पहिल्या अक्षरावरून ओळखतो. म्हणून रमाची नंदा करायची ठरवली. पुस्तक छपाईला जायला आठवडा होता. मी शोधा-आणि-बदला उघडलं, ‘रमा’ शोधायला दिलं, ‘नंदा’ भरलं आणि ‘सगळे बदला’ दाबलं.

थोड्या वेळाने लक्षात आलं की ‘रमेला’, ‘रमेच्या’, ‘रमेने’ तसेच राहिले आहेत. मराठीत नाव एका रूपात राहत नाही, विभक्ती लागली की त्याचं सामान्यरूप होतं, हे संगणकाला ठाऊक नसतं आणि घाईत मीही विसरले होते. मग ‘रमे’च्या जागी ‘नंदे’ केलं. त्याने रमेशचा ‘नंदेश’ झाला. तो दिसला, म्हणून ‘नंदेश’चा पुन्हा ‘रमेश’ केला. मधल्या काळात ‘परमेश्वर’ या शब्दाचीही वाट लागली होती, पण या शेवटच्या दुरुस्तीत तो आपोआप पूर्ववत झाला. मी शोधून पाहिला, तो जागेवर होता, आणि म्हणूनच मला बाकीच्या शब्दांची शंका आली नाही.

‘परमात्मा’त रमा आहे. ‘घरमालका’त आहे, ‘गरमागरम’मध्ये आहे. ‘शरमेने’ या शब्दात ‘रमे’ आहे. तेव्हा हे सुचलं नाही. लिहिताना पडद्यावर चुकीच्या शब्दांखाली लाल रेघा येतात, पण मराठीत त्या बोलीतल्या प्रत्येक शब्दाखाली आणि प्रत्येक आडनावाखाली येतात. दोन कादंबऱ्यांनंतर मला त्या दिसेनाशा झाल्या होत्या. मुद्रितशोधकाने काही जागा पकडल्या, काही राहिल्या. पाचशे प्रती छापून, बांधून झाल्या.

प्रकाशनानंतर एका कार्यक्रमात मी आजोबांच्या मृत्यूचा प्रसंग वाचत होते. तो प्रसंग माझ्या सगळ्या लेखनात मला सर्वांत जवळचा आहे. आजोबा शेवटचं बोलतात आणि त्यात ‘परमार्थ’ हा शब्द आहे. पुस्तकात तिथे ‘पनंदार्थ’ छापलेलं होतं. वाचता वाचता डोळे त्या शब्दावर गेले आणि मी थांबले. सभागृह शांत होतं, लोकांना वाटलं मला भरून आलं आहे. मी योग्य शब्द उच्चारला आणि पुढे वाचलं, पण त्या रात्री मला झोप आली नाही. शिल्लक प्रतींना शुद्धिपत्र चिकटवलं. आधी विकल्या गेलेल्या प्रतींमध्ये आजोबा अजून तेच बोलताहेत.

‘पूर्ण शब्दच शोधा’ ही खूण केली की काम भागतं असं मला अनेकांनी सुचवलं आहे. भागत नाही. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे ‘रमाने’, ‘रमाकडून’, ‘रमासारखी’ यांतलं एकही सापडत नाही. मी आता ‘रम’ एवढंच शोधते आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहून हाताने बदलते. तीनशे पानांच्या कादंबरीला दोन-तीन संध्याकाळी लागतात. लागू द्याव्यात. शिवाय नाव पक्कं झालेलं नसेल तर खर्ड्यात त्याच्या आधी एक खूण टाकते, उदाहरणार्थ ‘#रमा’. मग ‘#रम’ शोधलं की तिची सगळी रूपं सापडतात आणि परमार्थाला धक्का लागत नाही. आणि लिहायला बसण्यापूर्वी सगळ्या पात्रांची नावं एका कागदावर लिहून पहिली अक्षरं एकदा पाहून घेते. त्या दिवशी हे पाच मिनिटांचं काम केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

शुद्धलेखन, फॉन्ट आणि न दिसणारे फरक

शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनावर विसंबू नका. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’ हे सगळे शब्द बरोबरच आहेत, त्यामुळे साधन गप्प बसतं आणि तुमच्या नायकाच्या कपाळावरची शीर ‘शिर’ होऊन फुगते. ‘फूल’चं ‘फुलाला’ होतं पण ‘शरीर’चं ‘शरीरात’च राहतं, हे स्वतःला माहीत असावं लागतं. ‘ते संपादक बघतील’ असं म्हणणाऱ्या लेखकाचं मला नवल वाटतं. भाषा तुमची आहे.

युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवण्याची एकच ठरलेली पद्धत. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतलात तर तो आंधळेपणाने पुढे धाडू नका. जोडाक्षरं, रफार आणि ‘ऱ्या’ या जागा सर्वांत आधी मोडतात. त्याहून फसवी गोष्ट अशी की ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन प्रकारांनी टाइप होतो आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) आणि एक अदृश्य जोडखूण. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. एक शोधलात तर दुसरा सापडत नाही. ‘ॲ’चंही तसंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलं जायचं आणि अजूनही काही कळफलक तसंच लिहितात. दोन-तीन संगणकांवर किंवा फोनवर लिहिलेल्या कादंबरीत हे हमखास सापडतं. मी कुठलाही शब्द शोधायचा तर दोन्ही रूपांनी शोधते.

प्रूफावर पुन्हा कादंबरी लिहिणं

प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वी तपासायला मिळणारी मांडलेली पानं, हातात आलं की अनेकांना नव्या कल्पना सुचू लागतात. एक परिच्छेद वाढवावासा वाटतो, संवाद लांबवावासा वाटतो. मला हा मोह समजतो, पण त्याला अजिबात बळी पडू नये. पुस्तक पानांत छापलं जात नाही, फॉर्ममध्ये, म्हणजे घडी घालून अनेक पानं होणाऱ्या मोठ्या कागदावर, छापलं जातं, आणि बहुधा एक फॉर्म सोळा पानांचा असतो. बारा फॉर्मचं, १९२ पानांचं पुस्तक तुमच्या अर्ध्या पानाने १९३वर गेलं की त्या एका पानासाठी जादा कागद लावावा लागतो. पानं वाढली की पुस्तकाचा कणा, म्हणजे बांधणीची बाजू, जाड होतो, कणा बदलला की आधीच तयार झालेलं मुखपृष्ठ पुन्हा मापात बसवावं लागतं. अनुक्रमणिकेतले आकडे चुकतात ते वेगळंच. अगदीच राहवलं नाही तर मी जितकी अक्षरं घालते तितकीच त्याच परिच्छेदातून काढते.

दुरुस्ती करताना नवी चूक होतेच असं धरून चालावं. दुसरं प्रूफ बघताना फक्त खूण केलेली जागा पाहू नका, तो परिच्छेद शेवटपर्यंत वाचा. मी एकदा अर्थासाठी वाचते आणि एकदा शेवटच्या प्रकरणाकडून मागे, ओळीखाली पोस्टकार्ड सरकवत. प्रकरणांची शीर्षकं, पानांच्या माथ्यावरच्या ओळी आणि मुखपृष्ठ तिसऱ्यांदा, निराळी बसून. अक्षर जितकं मोठं तितकी चूक डोळ्यांतून निसटते.

कराराबद्दल थोडक्यात सांगते. नवे लेखक ‘माझी कल्पना कुणी चोरेल’ या भीतीत असतात. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तुम्ही केलेल्या मांडणीवर असतो, आणि १८८६च्या बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, सामील असलेल्या देशांमध्ये तो लिहिल्याक्षणीच मिळतो, नोंदणी करावी लागत नाही. भीती बाळगायची तर न वाचता केलेल्या सहीची बाळगा. मुदत किती, प्रती किती, अनुवाद, ई-पुस्तक, ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क कुणाकडे, आवृत्ती संपून पुन्हा छापली नाही तर हक्क परत कधी येणार, हे सगळं कागदावर असावं. ‘आपल्यात कशाला कागद’ म्हणणाऱ्या भल्या माणसाशीसुद्धा. आणि छापील व ई-पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचे आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, वेगवेगळे लागतात, मलपृष्ठावर जाणारा तेरा आकडी क्रमांक स्वतः एकदा ताडून पाहा.

पहिली प्रत हातात आली की लोक ती कपाटात मानाने ठेवतात. मी तिच्यावर ‘दुरुस्ती प्रत’ असं लिहिते आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसते. वाचकांनी कळवलेल्या चुकाही तिच्यातच उतरवते, पान आणि ओळीसह. दुसरी आवृत्ती निघायची झाली तर प्रकाशकाकडे तीच जाते. रमाच्या कादंबरीच्या त्या प्रतीत सतरा खुणा आहेत, आणि आजोबांच्या पानावरची खूण मी पेनाने केली आहे.